‘माझा कोणी माणूस नाही’ : ख्रिस्ती श्रद्धा आणि आपलेपणाची गरज

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे वेगवेगळ्या शब्दांत एकाच दुखण्याविषयी बोलतात. देवावर विश्वास आहे, पण आपले म्हणावे असे माणूस नाही. किंवा माणसे होती, आणि त्यांनीच दुखावले. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा मजकूर गाळला असून पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : नोकरीमुळे मला अनोळखी शहरात यावे लागले. येथील मंडळीच्या (चर्चच्या) उपासनेला मी नियमित जाते. उपासना संपल्यावर दारापाशी हस्तांदोलन होते, ‘कशा आहात?’ असे विचारले जाते आणि माझे उत्तर पुरे होण्याआधीच विचारणाऱ्याची नजर मागच्या माणसाकडे वळलेली असते. मध्यंतरी आजारपणामुळे लागोपाठ काही रविवार मी जाऊ शकले नाही, ते कुणाच्या लक्षातही आले नाही. देव माझ्याजवळ आहे, हे मी मनापासून मानते. मग माणसांची उणीव मला इतकी का भासावी? माझा विश्वास कमी पडतो आहे का?

तुमचा विश्वास कमी पडत नाही. हे मी केवळ तुमच्या समाधानासाठी म्हणत नाही, पवित्र शास्त्राच्या पहिल्या काही पानांच्या आधारे म्हणतो. ‘मनुष्य एकटा असावा हे बरे नाही’ हे वाक्य उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात येते, आणि पापाची कथा तिसऱ्या अध्यायात येते. म्हणजे जगात अजून काहीही बिघडलेले नसताना, देवाचा सहवास आदामाला अखंड लाभत असताना, देव स्वतःच त्याच्या एकटेपणाला ‘बरे नाही’ म्हणतो. सृष्टीतील प्रत्येक गोष्ट चांगली आहे असे म्हणत आलेल्या देवाने ज्या गोष्टीला प्रथमच नकार दिला, ती गोष्ट एकटेपण ही होती. माणसाला माणूस लागणे हा श्रद्धेतील उणेपणा असता, तर गेथशेमाने बागेत आपल्या पित्याशी बोलायला निघालेल्या येशूने पेत्र, याकोब व योहान यांना बरोबर घेतले नसते आणि ‘माझ्याबरोबर जागे राहा’ अशी विनवणीही केली नसती. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अखेरीस आद्य ख्रिस्ती प्रचारक पौलाने आपल्याजवळ फक्त लूक उरल्याचे सांगून ‘हिवाळ्यापूर्वी ये’ असे कळवले आहे. ज्याने ख्रिस्तासाठी सर्व काही सोडले, त्यालाही तुरुंगात कुणाची तरी वाट पाहावीशी वाटली.

शास्त्रज्ञांची साक्षही याहून वेगळी नाही. २०१० साली ज्युलियन होल्ट-लनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण केले. ज्यांचे माणसांशी दृढ संबंध होते, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत सुमारे पन्नास टक्क्यांनी अधिक आढळली. म्हणून तुम्हाला जे जाणवते आहे त्याला हळवेपणा म्हणून बाजूला सारू नका.

आता तुमच्या पत्रातील ज्या वाक्याने मला अस्वस्थ केले, त्याकडे वळतो. तुम्ही एकट्या आहात त्या गर्दीत. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बेथेस्दा तळ्याच्या काठी अडतीस वर्षे आजारी असलेला एक मनुष्य आहे. तेथे पाच पडव्या आहेत, त्या पडव्यांत आजाऱ्यांची दाटी आहे, सगळ्यांचे दुःख सारखे आहे आणि सगळ्यांची आशाही एकाच पाण्यावर आहे. तरीही ‘तुला बरे व्हायचे आहे का?’ असे येशूने विचारताच तो आपल्या आजाराविषयी काही बोलत नाही. पाणी हालते तेव्हा मला तळ्यात सोडायला माझा कोणी माणूस नाही, असे तो सांगतो. शेजारी शेकडो माणसे पडलेली आहेत आणि त्याला माणूस नाही. येशू त्याला बरे करतो, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्यानंतरचे एक वाक्य वाचताना आपण सहसा थांबत नाही : पुढे मंदिरात येशू त्याला पुन्हा गाठतो. गर्दीत हरवून गेलेल्या त्या माणसाला दुसऱ्यांदा शोधले जाते. माझ्या मते आपलेपणाची सुरुवात या दुसऱ्या भेटीत असते. पहिली भेट शिष्टाचारानेही होऊ शकते.

तुमच्या बाबतीत ती दुसरी भेट झालीच नाही. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ चेयून लिम आणि रॉबर्ट पटनम यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष येथे लागू पडतो. उपासनेला नियमित जाणाऱ्यांमध्ये जीवनाविषयीचे समाधान अधिक दिसते, परंतु ते प्रामुख्याने त्यांच्यात दिसते ज्यांना त्या मंडळीत जवळचे मित्र आहेत. जे नियमित जातात पण तेथे ज्यांचे कुणाशी सख्य नाही, त्यांच्यात हा लाभ दिसला नाही. बाक भरणे आणि मंडळीचा अवयव होणे यांतले अंतर इतके मोठे आहे.

हे अंतर केवळ चांगल्या मनाने भरून निघत नाही, असे माझे ठाम मत आहे. तुमच्या मंडळीतील लोक दुष्ट नसावेत; प्रत्येकाला वाटत असावे की दुसऱ्या कुणीतरी चौकशी केलीच असेल. म्हणूनच जिव्हाळ्याला व्यवस्थेची जोड लागते. १७४२ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या अनुयायांपुढे इमारतीच्या कर्जाचा प्रश्न होता. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी असे ठरले, आणि बारा-बारा जणांचे गट करून प्रत्येक गटाच्या पुढाऱ्याने दर आठवड्याला घरोघर जाऊन ती गोळा करावी, अशी योजना झाली. पुढारी पेनीसाठी दार ठोठावू लागले आणि दारापलीकडचे जीवन त्यांना दिसू लागले : कोण आजारी आहे, कोण व्यसनात गुरफटले आहे, कुणाच्या घरात भांडण पेटले आहे. वेस्लींनी या योगायोगाचे मोल तत्काळ ओळखले. कर्जफेडीसाठी सुरू झालेले हे गट पुढे त्यांच्या चळवळीचा कणा ठरले, कारण प्रत्येक सभासदाचे नाव कुणा एकाच्या जबाबदारीवर होते. अनुपस्थित राहिलेल्याची चौकशी कोण करणार, हे ठरलेले होते.

तेव्हा तुम्ही पाळकांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) भेटा आणि पत्रात जे लिहिले आहे तेच त्यांना शांतपणे सांगा : मी इतके रविवार आजारी होते आणि कुणाला कळले नाही. ही तक्रार वाटेल म्हणून संकोच करू नका, कारण हे कळल्याशिवाय त्यांना स्वतःचे काम नीट करता येणार नाही. त्याचबरोबर, जेथे तुम्ही गेला नाहीत तर काम अडेल, असे एखादे लहानसे काम अंगावर घ्या. गायनवृंद, मुलांचा वर्ग, आजाऱ्यांच्या भेटी, घरगुती प्रार्थनागट, काहीही चालेल. मोठ्या उपासनेत आपली जागा रिकामी राहिली तर ते दिसत नाही, पण सहा जणांच्या गटात ते पहिल्या पाच मिनिटांत दिसते.

प्रश्न : मी घरी नियमित बायबल वाचतो, प्रार्थना करतो आणि चांगली प्रवचने घरबसल्या ऐकतो. मंडळीतील राजकारणापेक्षा हे मला अधिक शांत वाटते. ख्रिस्ती होण्यासाठी मंडळीत जाणे आवश्यकच आहे का?

तुमचे बायबल-वाचन आणि प्रार्थना यांचे मोल मी कमी लेखत नाही. तारण हजेरीपटावर मिळत नाही, हेही खरे. परंतु ज्या ग्रंथाचे तुम्ही वाचन करता, त्यातील बहुतेक पत्रे मंडळ्यांना उद्देशून लिहिलेली आहेत आणि त्यांतील बऱ्याचशा आज्ञा एकट्याने पाळताच येत नाहीत. एकमेकांची ओझी वाहा, एकमेकांना क्षमा करा, एकमेकांचे सहन करा, हे सारे करायला दुसरा माणूस समोर असावा लागतो, आणि ‘सहन करा’ म्हणण्याजोगा असावा लागतो. चौथ्या शतकात कैसरियाचे बिशप बासील यांनी एकांतवासी साधकांना नेमके हेच विचारले होते : तू एकटाच राहिलास, तर पाय कुणाचे धुशील?

इजिप्तच्या वाळवंटात एकांतात गेलेले अंतोनी हे संन्यस्त जीवनाचे आद्य पुरुष मानले जातात. त्यांच्या नावावर परंपरेने जपलेले वचन मात्र असे आहे की, आपले जीवन आणि आपले मरण शेजाऱ्यापाशी आहे. त्यांच्याच हयातीत पखोमियस यांनी एकांतवासीयांना एका छपराखाली, एका नियमाखाली आणले, आणि पुढील ख्रिस्ती संन्यासजीवन बहुतांशी त्या वाटेने गेले. एकांताची गरज येशूलाही होती. तो पहाटे उठून रानात जात असे. पण तो तेथून पुन्हा लोकांत येत असे.

एकत्र मिळणे सोडू नका, असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे आणि तेथेच ‘कित्येकांच्या चालीप्रमाणे’ असे शब्दही आहेत. म्हणजे मंडळीला कंटाळून घरी राहणारे पहिल्या शतकातही होते. तुम्हाला नावडणारे राजकारण टाळायचे असेल तर लहान गट शोधा, पण माणसे टाळू नका.

प्रश्न : मी श्रद्धावान नाही, परंतु माझी पत्नी ख्रिस्ती आहे आणि तिच्यासोबत मी अधूनमधून उपासनेला जातो. लोक तेथे देवासाठी येत नसून एकमेकांच्या सोबतीसाठी येतात, असे मला वाटते. सोबतीची भूक हेच धर्माचे मूळ आहे, असे म्हटले तर काय चुकले?

तुमचे निरीक्षण चुकीचे नाही, आणि ते तुमच्या एकट्याचेही नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १९१२ साली धर्माची जी व्याख्या केली, तिच्यात पवित्र गोष्टींविषयीच्या श्रद्धा आणि आचार जितके महत्त्वाचे आहेत तितकाच त्यांनी बांधला जाणारा नैतिक समुदायही महत्त्वाचा आहे. पुष्कळ लोक प्रथम सोबतीसाठीच येतात. यात मला लाज वाटण्यासारखे काही दिसत नाही. भूक आहे म्हणून अन्न काल्पनिक ठरत नाही; सोबतीच्या भुकेवरून देव आहे हे सिद्ध होत नाही, तसा तो नाही हेही सिद्ध होत नाही.

मी तुम्हाला वेगळा प्रश्न विचारू इच्छितो. नुसती सोबत हवी असेल तर माणूस आपल्यासारख्यांत जातो : आपल्या वयाच्या, आपल्या धंद्यातल्या, आपल्या आर्थिक पायरीवरच्या लोकांत. ख्रिस्ताच्या मंडळीची सुरुवात पाहिली तर तेथे हा हिशेब जुळत नाही. इसवी सन ११२ च्या सुमारास प्लिनी हा रोमन अधिकारी सम्राट ट्राजनला ख्रिस्ती लोकांविषयी लिहितो की, ते ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात, चोरी व व्यभिचार न करण्याची शपथ वाहतात आणि पुढे साधे अन्न एकत्र खातात. अधिक माहितीसाठी त्याने दोन गुलाम स्त्रियांचा छळ केला, आणि त्या मंडळीत ‘सेविका’ म्हणवल्या जात होत्या, असे तो नोंदवतो. रोमन कायद्याने ज्यांना वस्तू मानले, त्यांना मंडळीत पद होते. पौलाने फिलेमोनाला लिहिलेल्या छोट्या पत्रात अनेसिम या गुलामाला ‘प्रिय बंधू’ म्हणून स्वीकारण्याची विनंती आहे. मालक आणि गुलाम हे एकमेकांच्या सोबतीसाठी एकत्र येत नसतात. त्यांना एकत्र आणणारा तिसरा कुणीतरी असावा लागतो, आणि मंडळी म्हणते की तो ख्रिस्त आहे.

हे नेहमी पाळले गेले असे मी म्हणणार नाही. त्याच पौलाला करिंथच्या मंडळीला खडसवावे लागले, कारण तेथील सधन लोक गरीब पोचण्यापूर्वीच जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला पायाशी जागा देणाऱ्यांवर कठोर शब्द आहेत. समुदायाचा ओढा आपल्यासारख्यांकडे असतो, आणि श्रद्धा त्या ओढ्याच्या विरुद्ध खेचते. ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या दैवतांकडे परतलेला सम्राट ज्युलियन याने ३६२ साली एका पुरोहिताला लिहिले की, हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती लोक) स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, पण आमच्याही गरिबांना पोसतात. हे विरोधकाचे शब्द आहेत, म्हणून मला ते अधिक मोलाचे वाटतात. पुढच्या वेळी तुम्ही उपासनेला जाल तेव्हा एवढेच पाहा : ज्याच्यापासून कुणालाही काही मिळण्यासारखे नाही, अशा माणसाला तेथे जागा आहे का? असेल, तर तुमच्या सिद्धान्तात तिचे स्पष्टीकरण शोधा; नसेल, तर तुमची टीका मंडळीने ऐकली पाहिजे.

प्रश्न : माझा घटस्फोट झाल्यावर मंडळीत माझ्याविषयी कुजबुज सुरू झाली. मुलांच्या वर्गाचे माझे काम काढून घेण्यात आले, आणि मी जाब विचारला तेव्हा ‘एकोपा राखण्यासाठी गप्प राहा’ असे मला सांगण्यात आले. आता मला त्या इमारतीसमोरून जायलाही नको वाटते. पण लहानपणापासूनचे माझे सगळे लोक तेथेच आहेत. मी परत जावे का?

तुमच्यावर अन्याय झाला आहे. हे वाक्य तुम्हाला बहुधा कुणी ऐकवले नसेल, म्हणून ते आधी लिहितो. घटस्फोटाच्या काळात माणसाला आधाराची सर्वांत जास्त गरज असते, आणि नेमके त्याच वेळी तुमच्याकडून सेवाही काढून घेतली आणि बोलण्याचा हक्कही. दुखावलेल्याच्या मौनावर उभ्या राहणाऱ्या गोष्टीला एकोपा म्हणू नये.

लोक तुम्हाला मत्तयाच्या अठराव्या अध्यायातले वचन सांगतील की, जेथे दोघे किंवा तिघे येशूच्या नावाने जमतात तेथे तो त्यांच्यामध्ये असतो. ते वचन कुठे येते, हेही त्यांना दाखवा. त्याच्या अगदी आधी, भावाने अपराध केला तर त्याच्याकडे जाऊन त्याला तो कसा दाखवावा, तो ऐकत नसेल तर आणखी एकदोघांना कसे सोबत घ्यावे, आणि तरीही ऐकत नसेल तर मंडळीपुढे कसे मांडावे, याची रीत सांगितलेली आहे. ख्रिस्ताच्या उपस्थितीचे ते वचन भांडणाच्या आणि न्यायाच्या प्रसंगी दिलेले आहे. जाब विचारणे हे मंडळीच्या विरोधात नाही, ते मंडळीच्याच नियमात बसते.

जर्मन धर्मशास्त्रज्ञ डिट्रिख बोनहोफर यांनी १९३५ पासून फिंकेनवाल्डे येथे पाळकांच्या प्रशिक्षणाचे एक सहजीवन चालवले. १९३७ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ते बंद पाडले. त्या अनुभवातून त्यांनी इशारा दिला की, ज्याला प्रत्यक्ष माणसांपेक्षा आदर्श समुदायाचे आपले स्वप्न अधिक प्रिय असते, तो त्या समुदायाचा नाश करतो. हा इशारा अनेकदा दुखावलेल्यांना ऐकवला जातो, की मंडळी परिपूर्ण नसते, तुम्हीच जुळवून घ्या. मला वाटते तो तुमच्या मंडळीच्या वडीलवर्गाला, म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांना, अधिक लागू पडतो. कुणाचेही घर मोडलेले नाही अशा मंडळीचे स्वप्न त्यांना प्रिय होते, आणि त्यासाठी त्यांनी समोरचा खराखुरा माणूस दूर केला.

परत जाण्याविषयी माझे मत असे आहे. क्षमा करणे आणि त्याच खोलीत पुन्हा जाऊन बसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली करण्यासाठी दुसरीची सक्ती नाही. तुमचे जे लोक तेथे आहेत, त्यांच्यापैकी तुमच्या बाजूने एक शब्द तरी बोललेले किंवा निदान एकांतात विचारपूस केलेले एकदोघे असतील. नाते त्यांच्याशी चालू ठेवा, त्यांच्यासोबत प्रार्थना करा. उपासनेसाठी काही काळ दुसऱ्या मंडळीत गेलात तर ख्रिस्ताला सोडले असे होत नाही. झाल्या गोष्टीबद्दल वडीलवर्गाने माफी मागितली आणि काम परत दिले, तर परतण्याचा विचार करा. नुसते ‘झाले गेले विसरून जा’ म्हणाले, तर घाई करू नका. आणि ही एक गोष्ट इतर वाचकांसाठीही लिहितो : मंडळीत कुणावर मारहाण, लैंगिक शोषण किंवा आर्थिक फसवणूक झाली असेल, तर ती मंडळीअंतर्गत मिटवण्याची बाब नाही. तेथे पोलिसांकडे जाणे हेच योग्य.

प्रश्न : माझी आई अंथरुणाला खिळली आहे. तिने उभे आयुष्य मंडळीची सेवा केली. ‘आता मी कुणाच्याच उपयोगाची नाही आणि मंडळीतही माझी जागा उरली नाही’ असे ती वारंवार म्हणते. तिला काय सांगावे?

सांगण्यापेक्षा काही घडवून आणा. इसवी सन १५५ च्या सुमारास रोममध्ये जस्टिन या ख्रिस्ती लेखकांनी रविवारच्या ख्रिस्ती उपासनेचे वर्णन लिहून ठेवले आहे. शास्त्रवाचन, प्रवचन, प्रार्थना आणि प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी) झाल्यावर, जे उपस्थित नव्हते त्यांच्याकडे डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, त्यांचा वाटा घेऊन जात, असे ते सांगतात. जमा झालेली वर्गणी अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके यांच्यासाठी वापरली जाई. न येणाऱ्यांचा वाटा आधीच धरलेला असे. तुमच्या पाळकांना भेटून आईला घरी प्रभुभोजन देण्याची विनंती करा, आणि ते वर्षातून एकदा सणाच्या निमित्ताने न होता ठरलेल्या वारी व्हावे असा आग्रह धरा. शक्य असेल तर पाळकांसोबत मंडळीतील दुसरे कुणी, विशेषतः एखादा तरुण सभासद यावा. ज्या वयातल्यांना आईची ओळख नाही, त्यांच्यापर्यंत तिची ओळख पोचली पाहिजे.

यासोबत तिला काम द्या, आणि ते खरे काम असावे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौल एकेकाचे नाव घेऊन सलाम पाठवतो. त्या यादीत रूफ नावाच्या एका माणसाच्या आईचा उल्लेख आहे, आणि ती माझीही आई आहे, असे पौल म्हणतो. तिने काय केले, कोणते पद सांभाळले, हे कुठेही लिहिलेले नाही. पौलाला आई होणे एवढेच तिचे काम नोंदले गेले. तुमच्या आईकडे दर आठवड्याला प्रार्थनेसाठी नावे पाठवण्याची व्यवस्था मंडळीकडून करून घ्या : परीक्षेला बसलेली मुले, नोकरी गेलेले, नव्याने आलेले. नावांसोबत थोडी माहितीही द्यावी, म्हणजे प्रार्थना मोघम राहणार नाही. त्यांच्यापैकी ज्यांची इच्छा असेल त्यांना तिचा दूरध्वनी क्रमांक द्या, आणि तिला बोलण्याइतके बळ असेल त्या वेळी फोन करायला सांगा. पहिल्या प्रश्नातील वाचक भगिनींसारखे कुणी तुमच्याही मंडळीत नक्की असेल. त्यांचे नाव यादीत सर्वांत वर घाला.